ताटातलं जेवण आणि हातावरच्या लाट्या

बेबाबाईला सगळ्यात जास्त शिसारी कशाची होती, तर दुसऱ्यांदा सुरुवात करायची. पहिल्यांदा बाईने वजन उतरवायला अर्धी भाकरी बाजूला सारली की आळीभर चर्चा होते, लोक दारात येऊन विचारून जातात. दुसऱ्यांदा तीच बाई तीच अर्धी भाकरी बाजूला सारते, तेव्हा घरातलं मांजरसुद्धा मान वर करून बघत नाही.

पहूरला बाजाराच्या मागच्या अंगाला तिचं घर. नवरा तोताराम, कापसाचं रान, एक म्हैस. तीन लेकींची लग्नं झालेली, मुलगा दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकी काटकुळी होती, की सासूने तिला पहिल्यांदा विहिरीवर पाठवताना म्हटलं होतं, आता ही घागर आणते का घागर हिला आणते ते बघू. पुढे चार बाळंतपणं झाली. प्रत्येक बाळंतपणात मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, खोबऱ्याचे लाडू. लेकरं वाढली, आपापल्या घरी गेली. लाडवांचं तूप मात्र बेबाबाईच्या कमरेवर मुक्कामाला राहिलं.

नुसती कमर असती तर तिने पर्वा केली नसती. आळीतल्या कोणत्या बाईची कमर राहिली होती म्हणा. पण शेवटच्या बाळंतपणानंतर बेंबीपाशी एक गोळा यायला लागला. आधी सुपारीएवढा, मग लिंबाएवढा, आणि आता खोकलं किंवा हंडा उचलला की भरताच्या कोवळ्या वांग्याएवढा. ती आडोशाला जायची, बोटांनी तो दाबून आत सारायची. आत जाताना तो गुरगुर आवाज करायचा. तो आवाज ऐकला की तिला मळमळायचं. आपलंच अंग आणि आपल्यालाच हात लावायची किळस, हे कुणाला सांगावं?

मागच्या कार्तिकात तो गोळा बाहेर आला तो आत जाईना. बेबाबाई गुरासारखी ओरडली. तोतारामने कुणाची तरी जीप पाहिली आणि तिला जळगावला नेलं. डॉक्टरने कसाबसा गोळा आत बसवला आणि हात धुता धुता सांगितलं, "हर्निया आहे. ऑपरेशनच करावं लागेल. पण एवढ्या चरबीत माझे टाके धरायचे नाहीत, पुन्हा फाटेल. सत्तर किलोवर या, मग मी हात लावतो. आणि पावसाळ्याआधी या. पुढच्या वेळी हा अडकला आणि आतलं आतडं सडलं, तर मग जीपसुद्धा कामाची नाही."

तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर भरली होती.

मरणाची भीती ताजी होती तोवर सगळं नीट चाललं. तिने साखर सोडली, भात सोडला, कारल्याचा रस प्याली. त्या रसाबद्दल काही न बोललेलंच बरं. हिरवा, फेसाळ, आणि घशातून उतरताना वाटेत भांडत जाणारा. संक्रांतीपर्यंत ती त्र्याहत्तरवर आली. बायका येऊन तिचे सैल झालेले चोळीचे हात ओढून बघायच्या. मग भरताचे दिवस आले. शेताशेतांत काड्यांच्या जाळावर वांगी भाजायला लागली, तेलात मिरच्या तडतडायला लागल्या. त्यातच पुतण्याचं लग्न निघालं, वरण-बट्टीच्या पंगती उठल्या, आणि बट्टीवर तूप ओतणारा पोरगा थांब म्हटल्यावर थांबत नाही हे काय वेगळं सांगायला पाहिजे? एकदा सुटलं ते सुटलं. आज खाल्लंच आहे तर उद्यापासून, आणि उद्या कुणाच्या तरी घरी सत्यनारायण. होळीला तिने परकर बांधला तर नाडी पुन्हा जुन्याच गाठीवर आली होती. त्या गाठीकडे बघून तिला स्वतःचा जो वीट आला, तसा कारल्याच्या रसाचाही कधी आला नव्हता.

होळीनंतर तिने ताटात अर्धीच भाकरी घेतली तेव्हा तोताराम म्हणाला, "आते पुन्हा सुरू का?"

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि तिची उरलेली अर्धी भाकरी उचलून त्याने दुधात कुस्करली. त्या 'बरं'चा तिला इतका राग आला, की त्यापेक्षा त्याने एक शिवी दिली असती तर तिने पचवली असती.

वजन बघायचं तर जळगावचा दवाखाना लांब. म्हणून तिने बाजारातल्या आडतीवरचा काटा धरला होता. ज्वारीची, उडदाची पोती जिथे ठेवतात त्याच फळीवर चढायचं. मापाडी होता सुकदेव. पोत्याचं वजन जसं गाऊन सांगायची त्याला सवय, तसंच तो माणसाचंही गाऊन सांगायचा. बाजाराच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरली की ती जायची.

"सुकदेव, हळू सांगजो."

"काकू, मी हळूच सांगतो. माहा आवाजच असा हाय त्याले मी काय करू?"

आणि मग ते सगळ्या आडतीला ऐकू जायचं. हमाल तोंड फिरवून हसायचे. बेबाबाई फळीवरून उतरताना चप्पल सापडत नसल्यासारखं खाली बघत राहायची.

दुसरी सुरुवात तिने मनापासून केली होती, हे तिच्या शत्रूनेही मान्य केलं असतं. सकाळी अर्धी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, पातळ भाजी. संध्याकाळी तेच. चहा बिनसाखरेचा, म्हणजे नुसतं काळं गरम पाणी. शेवभाजीच्या रश्श्यावर तेलाचा लाल थर आला की ती चमच्याने तो काढून तोतारामच्या वाटीत टाकायची. आणि दोन बाजार गेले, काटा हलेना. एकदा पंच्याहत्तर असेल असं वाटून ती चढली, तर सुकदेवने गाऊन सांगितलं, "ऐंशी."

बेबाबाई फळीवरच उभी राहिली.

"तुहा काटा खोटा हाय."

सुकदेवचं हसू गेलं. "काकू, मले काही बी बोला, काट्याले नका बोलू. बारा गावचा माल याच्यावर जातो."

"मंग मी काय माती खाते का? अर्ध्या भाकरीवर माणूस फुगते का?"

त्याने लोखंडी वीस किलोचं माप फळीवर ठेवलं. दांडी बरोबर वीसवर थांबली. हमालांतला एकजण म्हणाला, "काकू, हवा लागली असन." बेबाबाई तडक घरी आली. त्या रात्री तिने अर्धी भाकरीही खाल्ली नाही, आणि उपाशीपोटी तिला देवाचा, डॉक्टरचा, काट्याचा आणि तोतारामच्या घोरण्याचा सारखाच तिटकारा आला.

आता हे दिवस कोणते होते, ते सांगितलं पाहिजे. हे वाळवणांचे दिवस होते. होळी झाली की खानदेशातल्या बाईला दुपारी घरात बसायला वेळ नसतो. आज हिच्याकडे कुरडया, उद्या तिच्याकडे ज्वारीचे बिबडे, परवा तिसरीकडे उडदाचे पापड. आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारायचं आणि जिच्याकडे वारी, म्हणजे त्या दिवसाचं काम, असेल तिच्या ओट्यावर जाऊन बसायचं. आपल्याकडे वारी असली की त्या सगळ्या आपल्याकडे येतात. पैशाचा प्रश्न नाही, हाताला हात.

आणि यात बेबाबाईचं नाव होतं. तिच्या हातचा पापड उन्हाकडे धरला तर पलीकडच्या बांगड्या मोजून घ्याव्यात. तिला बोलावणं आलं नाही असं वाळवण आळीत होत नव्हतं.

कुरडईच्या दिवशी गव्हाचा चीक शिजतो. तो गरम असतानाच वाटीत तेल-तिखट घालून बायकांना देतात. बिबड्यांच्या दिवशी ज्वारीचं घाटं, तेही तेल टाकून. आणि पापडाच्या दिवशी तर विचारूच नका. कुटून कुटून मऊ झालेलं उडदाचं पीठ, त्याच्या लाट्या, मध्ये तेलाची वाटी. लाटी तेलात बुडवायची आणि लाटता लाटता तोंडात टाकायची. पापडखाराची, हिंगाची, मिऱ्याची ती चव ज्याने घेतली नाही त्याला काय सांगावं. लाटी खाल्ली नाही तर घरची बाई नाराज होते. पीठ कसं झालंय ते तुम्ही चाखूनच सांगायचं असतं.

आणि हे खाणं नसतं. खाणं म्हणजे पाटावर बसून, ताट पुढ्यात घेऊन जे होतं ते. हे आपलं कामातलं, हातावरचं. उपासाच्या दिवशी बायका खात नाहीत, एवढीच काय ती त्याची नोंद. बेबाबाईच्या ताटावर सगळ्या घराची नजर होती, तिची स्वतःचीही होती. हातावर कुणाचीच नव्हती.

ते तिला कळलं लताबाईच्या ओट्यावर.

लताबाई म्हणजे शेजारीण, बेबाबाईपेक्षा दहा वर्षांनी लहान, जिभेने मात्र मोठी. तिच्याकडे पापडाची वारी होती. सहा-सात जणी गोल बसल्या होत्या. बेबाबाईच्या समोर ताईबाई बसलेली, धुळ्याकडून लेकीकडे आलेली म्हातारी, तोंडात दात नाही. ताईबाईने लाटी तेलात बुडवली, तोंडात टाकली आणि हिरड्यांनी चघळायला लागली. गाल आत-बाहेर, आत-बाहेर. ओठाच्या कोपऱ्यातून तेलाचा ओघळ निघाला, हनुवटीवरच्या पांढऱ्या केसाला लोंबकळला आणि पोळपाटावर पडला. म्हातारीने तो बोटाने पुसून चाटला आणि हात दुसऱ्या लाटीकडे गेला. पहिली अजून तोंडातच होती.

बेबाबाईने नाक मुरडलं. काय ही हावरट बाई, असं मनात म्हणेपर्यंत तिच्या ध्यानात आलं, की आपल्याही तोंडात काहीतरी आहे. आणि डाव्या हातात आणखी एक आहे, तेलात बुडवलेली. ती कधी उचलली ते तिला आठवेना. आधीच्या किती झाल्या तेही आठवेना. हनुवटीला हात लावला तर हात तेलकट झाला.

लताबाई तेवढ्यात म्हणाली, "अवं माय, तेलाची वाटी पुन्हा रिकामी? सांडते का पिते व कोणी?"

सगळ्या हसल्या. बेबाबाईही हसली. हातातली लाटी तिला खाववेना, परत ठेवता येईना, कारण ती उष्ट्या हातची, आणि टाकून तर अन्न देता येत नाही. तिने ती हळूच पदराच्या टोकात बांधली. मग पुढची आली, "घे व अक्का, ही मऊ हाय." तीही पदरात. पुढचीही. आज किती येतात ते तरी बघू, असं म्हणून ती लाटत राहिली आणि बांधत राहिली. लुगड्याला तेलाचा डाग पडला. पदर जड झाला.

घरी येऊन तिने ताट घेतलं आणि पदर सोडला. तोताराम जेवायला बसला होता. ताटात लाट्यांचा ढीग पडला, एकमेकींना चिकटलेला, पिवळट, त्यात पदराचे दोन धागे.

"हे काय?"

"माहं जेवण."

तोतारामने ढीग बोटाने दाबून बघितला. "एवढं?"

"हे फक्त आजचं. आन् मी पदरात टाकायले लागली त्याच्या आधीचं पोटात हाय. होळीपासून रोज कोणाकडे ना कोणाकडे वारी हाय."

त्याने आपली भाकरी ताटातच ठेवली. मग म्हणाला, "आन् मी तुह्या अर्ध्या भाकऱ्या खाऊन खाऊन पाप समजत होतो." एवढं बोलून तो हसायला लागला. बेबाबाईला हसू आलं नाही. लाट्यांचा तो ढीग तिला दाबून वाढलेल्या ताटासारखा दिसत होता आणि बेंबीपाशीचा तिचा स्वतःचा गोळा त्या वेळी दुखत होता. तिने सगळं म्हशीच्या घमेल्यात टाकलं. म्हशीने मात्र किळस केली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लताबाईकडेच वारी होती, पापड राहिले होते. बेबाबाई गेली, बसली, आणि पहिलीच लाटी आली तेव्हा म्हणाली, "मले नको."

लताबाईचं लाटणं थांबलं. "काहून? माह्या उडदाले काय झालं?"

"उडदाले काही नही झालं. मले झालं."

"काल तं खाऊ ऱ्हायली होती."

"कालचंच सांगू ऱ्हायली मी. मी इथे बसली की माहा हात मले इचारत नही. मी लाटायले नही बसत. मी वाळवते."

वाळवायचं काम कुणाला नको असतं. ओट्यावर सावली, गप्पा, लाट्या. आणि वाळवण म्हणजे डोक्यावर चैत्रातलं ऊन, खाटेवर पापड पसरायचे, कोंबड्या आणि कावळे हाकायचे. ते काम नव्या सुनेला किंवा कुणाच्या तरी रुसलेल्या लेकीला देतात. आळीत पापडात जिचा हात पहिला, ती बेबाबाई डोक्यावर ओलं फडकं टाकून खाटांमध्ये काठी घेऊन उभी राहिली. तिच्या जागी ज्या पोरीला बसवलं तिचे पापड पायपुसण्यासारखे जाड होत होते. लांबून ते बघताना बेबाबाईला उन्हापेक्षा जास्त भाजत होतं.

लताबाईला अपमान वाटला तो वाटलाच. तिने आळीत सांगत फिरायला सुरुवात केली, की माझं पीठ नको म्हणून ही उन्हात जाऊन उभी राहते. पुढे बेबाबाई कमलबाईकडे गेली तिथेही तिने तेच केलं, इंदिराबाईकडेही तेच. मग लोकांचा विश्वास बसला, की लताबाईच्या उडदात दोष नाही, बेबाबाईच्या डोक्यात आहे.

बाजाराच्या दिवशी ती आडतीवर गेली तेव्हा सुकदेव तोंड फुगवून बसला होता.

"तुहा काटा खरा हाय," ती म्हणाली. "मी खोटी होती. आते आरडून सांगजो."

"काय?"

"वजन. पोत्यावानी. बाजाराले ऐकू गेलं पाहिजे."

"काकू, डोकं फिरलं का?"

"तू सांग तं खरं."

सुकदेवने सांगितलं. ऐंशीच. बाजाराला ऐकू गेलं. वांगी विकणारी बाई उठून बघायला लागली. बेबाबाईच्या कानापर्यंत रक्त चढलं. पण या वेळी तिने चप्पल शोधायचं नाटक केलं नाही.

त्याचा उपयोग झाला, पण तिला वाटला होता तसा नाही. तिला वाटलं होतं, लाजेने आपण सुधारू. लाज दोन बाजारांत संपली. पण लताबाईचा राग संपला नाही. तिने तो आकडा दाताखाली धरून ठेवला. बेबाबाई तहान लागली म्हणून ओट्यापाशी आली, की लताबाई लाटता लाटता विचारायची, "काय बोलला व सुकदेव बाजाराले? ऐंशी ना?" लग्नाच्या पंगतीत बेबाबाईने दुसऱ्या बट्टीकडे पाहिलं, की पलीकडून तिचा आवाज यायचा, "अक्काले नका वाढू रे, पोत्याचं वजन होते तिचं." पंगतीतले सगळे हसायचे, वाढणारा पोरगा पुढे सरकायचा.

बेबाबाईला लताबाईचा संताप यायचा. भाकरी थापताना ती तिला मनातल्या मनात अशा शिव्या द्यायची, की तव्याला ऐकू गेल्या असत्या. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. जे प्रेमाने बघत होते त्यांनी तिला 'एखादीने काय होते' म्हणून खाऊ घातलं होतं. जी जळफळाटाने बघत होती तिने एक घास सुटू दिला नव्हता. एके दिवशी लताबाई आजारी पडली आणि वारीला आली नाही, तेव्हा बेबाबाई इंदिराबाईच्या चिकाच्या पातेल्यापाशी इतकी जवळ जाऊन उभी राहिली, की तिची तिलाच भीती वाटली. ती तशीच निघाली, लताबाईच्या घरी गेली आणि तिच्या खाटेपाशी बसली.

"कशी हाय तब्येत?"

"माही तब्येत इचारायले आली का?"

"नही. तू मले काही तरी बोल, म्हणून आली."

लताबाईने तापातही डोळे उघडले. "मुडदा बशिवला तुहा," ती म्हणाली. "जाड्ये. खाल्लं का चीक?"

"नही."

"मंग जाय घरी."

बेबाबाई घरी गेली.

काटा हलायला लागला, पण हट्टी बैलासारखा. कधी खाली, कधी तिथेच, एकदा तर थोडा वर. सुकदेवने ते वरचंही आरडून सांगितलं. वाळवणं संपत आली, आणि एका सकाळी हंडा उतरवताना गोळा पुन्हा बाहेर आला. ती खाली बसली. घाम फुटला. दाबला, जाईना. पुन्हा दाबला, तेव्हा तोच घाणेरडा गुरगुर आवाज करत तो आत गेला. तिने तोतारामला सांगितलं, आजच जळगाव.

दवाखान्यातल्या काट्यावर ती चौऱ्याहत्तर भरली. डॉक्टर चष्म्यातून बघत म्हणाला, "छान. चारच किलो राहिले. पंधरा दिवसांनी या, सत्तरच्या जवळ आलात की करून टाकू."

"पंधरा दिवसांनी नको," बेबाबाई म्हणाली.

"का?"

"पंधरा दिवसांत आखाजी हाय, तुमची अक्षय्यतृतीया. तीन लेकी येतीन, जावई येतीन. पुरणाच्या पोळ्या, आंब्याचा रस, सांजोऱ्या. पंधरा दिवसांनी मी तुमाले सत्तर नही दिसणार, अठ्ठ्याहत्तर दिसणार. मी मले ओळखते. कापायचं तं आते कापा."

तोताराम हळूच म्हणाला, "ती खरं सांगू ऱ्हायली डॉक्टरसाहेब. मी पाह्यलेलं हाय."

डॉक्टर हसला नाही. त्याने पुन्हा पोट तपासलं, सकाळचं ऐकलं, आणि दोन दिवसांनी ऑपरेशन ठरवून तिला तिथेच ठेवून घेतलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सने तिच्या खाटेच्या दांडीला एक पत्र्याची पाटी अडकवली. बेबाबाईला दुसरीपर्यंतचं वाचता येत होतं. तिने एकेक अक्षर जोडलं. तोंडाने काही देऊ नये.

शेजारच्या खाटेवर साक्रीकडची भिकुबाई होती. तिच्या घरचा डबा आला. झाकण उघडलं आणि लसणाच्या चटणीचा, तेलाचा, गरम भाकरीचा वास खोलीभर पसरला. बेबाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी स्वतःचा तिटकारा आला. उद्या पोट फाडणार आहेत आणि आजही हे तोंड ऐकत नाही. भिकुबाईने भाकरीचा तुकडा मोडून हात पुढे केला. "थोडं खाई ल्या ना ताई." मग तिच्या सुनेने खुणावलं, तिने पाटीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "पाटी शे ना वर. राहू द्या मग." पुन्हा तिने विचारलं नाही. तिच्या सुनेनेही नाही. सगळ्या खोलीतल्या कुणीही, एखाद्या घासाने काय होते, असं म्हटलं नाही.

ऑपरेशन झालं. टाके धरले. डॉक्टरने सांगितलं, आता पोट वाढवू नका, नाहीतर माझी मेहनत वाया. आणि ज्या दिवशी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आखाजी होती. तोताराम पिशवी घेऊन दारात उभा होता. लेकी घरी येऊन बसल्या होत्या, पुरण शिजायला टाकल्याचा निरोपही त्याने आणला होता.

बेबाबाई नर्सच्या टेबलापाशी थांबली.

"ती पाटी मले घरी नेता येते का?"

"कोणती पाटी?"

"खाटेवरची. तोंडाने काही देऊ नये."

नर्स हसली. "मावशी, ती दवाखान्याची असते."

"मंग तशीच एक लिहून द्या," बेबाबाई म्हणाली. "मोठ्या अक्षरात. माह्या घरच्यांले सगळ्यांले वाचता येते."

नर्सला ती थट्टाच वाटली. बेबाबाई मात्र टेबल धरून तशीच उभी राहिली, नर्सने कागद ओढेपर्यंत.